तार बर्लिनची, अग्रलेख लंडनचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. एमएच्या प्रबंधासाठी तुम्ही लंडनच्या 'टाइम्स'चे १९३३ ते १९३९ या काळातले सुमारे दीडशे अग्रलेख वाचलेत. त्यावरून दोन निष्कर्ष काढलेत: ब्रिटिश वृत्तपत्रं हिटलरधार्जिणी होती, आणि जर्मनीत खरं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. मार्गदर्शकांनी त्यावर विचारलं की यामागे सरकारी सेन्सॉरशिप होती का, आणि आता तुम्ही तिचा पुरावा शोधताय.

पहिला निष्कर्ष काही वृत्तपत्रांपुरता आणि काही वर्षांपुरता खरा आहे. दुसरा साफ चुकीचा. सेन्सॉरशिप म्हणाल, तर शांततेच्या काळात कायद्याने लादलेली अशी नव्हतीच. जी होती ती वेगळ्या जातीची होती आणि तिचा कागद क्वचितच सापडतो. पण त्याआधी तुमची अडचण कुठे आहे ते सांगतो. तुम्ही अग्रलेख वाचलेत, बातम्या वाचल्या नाहीत.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एका मराठी दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं उपसंपादक होतो. तारा निवडायच्या, कापायच्या, मराठीत आणायच्या, मथळा द्यायचा आणि वेळेत पान सोडायचं, एवढंच काम. त्या काळात एकदा रजा काढून लंडनला गेलो, तेव्हा कॉलिंडेलच्या वृत्तपत्र ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर जुने अंक पाहिले आणि व्यसन लागलं. ते ग्रंथालय २०१३ मध्ये बंद झालं. आता बरंचसं घरी बसून संगणकावर मिळतं. जुनं पान समोर आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: हे पान लावणाऱ्यासमोर त्या रात्री आणखी काय पडलं होतं, आणि त्याने ते का घेतलं नाही?

एक साधी गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण त्यात बरेच जण फसतात. 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी नाही म्हणजे बातमी दडपली, असं कृपा करून लिहू नका. त्या काळात 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर छोट्या जाहिराती असत: जन्म, विवाह, मृत्यू, घर भाड्याने देणे आहे. ही पद्धत १९६६ पर्यंत चालली. 'मँचेस्टर गार्डियन'नेही १९५२ पर्यंत पहिलं पान जाहिरातींनाच दिलं होतं. मुख्य बातम्या आत, अग्रलेखाच्या आसपास असत. दुसरं म्हणजे वार्ताहराचं नाव सहसा छापत नसत, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. त्यामुळे नाव टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये क्लेअर हॉलिंगवर्थ नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी 'डेली टेलिग्राफ'मध्ये लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. पोलंडच्या सीमेवर जर्मन रणगाडे उभे असल्याची बातमी तिने आणली, ती २९ ऑगस्टला छापून आली, आणि तिच्यावरही नाव नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. 'टाइम्स'चा बर्लिनचा वार्ताहर होता नॉर्मन एबट. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून तो तिथे होता, भाषा उत्तम, ओळखी खोलवर. नाझी सत्ता आणि प्रॉटेस्टंट चर्च यांच्यातल्या झगड्यावर त्याने ज्या तपशिलाने लिहिलं तसं त्या वेळी फार थोड्यांनी लिहिलं. या बातम्या 'टाइम्स'मध्ये छापून येत होत्या. आजही तुम्ही त्या वाचू शकता. म्हणजे तुम्ही वाचलेल्या अग्रलेखांच्या दोन-चार पानं अलीकडे-पलीकडे जर्मनीचं बऱ्यापैकी खरं चित्र पडलेलं होतं. तरीही एबट सहकाऱ्यांजवळ कुरकुर करायचा की आपण पाठवतो ते सगळं लंडन छापत नाही. बर्लिनमधल्या परदेशी पत्रकारांत हे उघड गुपित होतं.

ऑगस्ट १९३७ मध्ये त्याला जर्मनीतून बाहेर काढलं. ब्रिटनने तीन जर्मन पत्रकारांना देशाबाहेर घालवलं होतं, त्याचा हा बदला. तो निघाला तेव्हा शार्लोटेनबुर्ग स्टेशनवर पन्नासेक परदेशी वार्ताहर निरोपाला जमले. तुम्ही तिथे गेलात तर ते आम्हाला आवडणार नाही, अशी सूचना नाझींकडून आधीच मिळालेली होती, तरी जमले. इंग्लंडला परतल्यावर थोड्याच दिवसांत एबटला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची लेखणी थांबली. जर्मनीबद्दल इतकं जाणणारा माणूस ऐन मोक्याच्या दोन वर्षांत गप्प झाला. हे नुकसान अग्रलेख वाचून कधीच लक्षात येणार नाही.

लंडनला टेबलाच्या पलीकडे संपादक होता जेफ्री डॉसन. मधली तीन-चार वर्षं वगळता १९१२ ते १९४१ त्याचीच कारकीर्द. २३ मे १९३७ रोजी त्याने जिनिव्हातला आपला वार्ताहर डॅनियल्स याला एक पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की जर्मनांच्या भावना दुखावतील असं काहीही पेपरात जाऊ नये म्हणून मी रोज रात्री आटोकाट प्रयत्न करतो, तरी ते आपल्यावर का रागावलेत हे मला कळत नाही. गंमत म्हणजे हे पत्र कुठल्या टीकाकाराने उकरून काढलेलं नाही. 'टाइम्स'ने स्वतःचा अधिकृत इतिहास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातच ते दिलंय. प्रबंधात एकच पुरावा घ्यायला परवानगी असेल तर मी हा घेईन.

पण पूर्ण घ्या. बहुतेक जण वरचं एक वाक्य उचलतात आणि पुढे जातात. त्याच पत्रात डॉसन पुढे म्हणतो की आपला स्पेनमधला वार्ताहर स्टीअर याने गेर्निका गावावरच्या बॉम्बफेकीवर दिलेल्या पहिल्या बातमीने ते चिडले असतील, पण ती मूलतः खरी होती हे कुणी नाकारलेलं नाही, आणि आपण तो विषय पुन्हा पुन्हा उगाळलेलाही नाही.

हे गेर्निका प्रकरण नीट बघा, कारण यात सगळं यंत्र एका जागी दिसतं. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं, आणि तिथल्या बास्क प्रांतातल्या या गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. जॉर्ज स्टीअर बिल्बाओत होता; रात्रीच गावात पोचला, जळती घरं पाहिली, वाचलेल्यांशी बोलला, जर्मन कारखान्याचा शिक्का असलेल्या आगबॉम्बची नळकांडी स्वतः पाहिली. २८ एप्रिलला त्याची बातमी 'टाइम्स'मध्ये आली आणि अटलांटिकपलीकडे 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्येही. म्हणजे त्या शतकातल्या सर्वांत परिणामकारक युद्धबातम्यांपैकी एक त्याच 'टाइम्स'ने छापली, ज्याला तुम्ही हिटलरधार्जिणा म्हणताय! बर्लिनमध्ये थयथयाट झाला. ज्याच्या मदतीला ही विमानं आली होती त्या बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने सांगितलं गेलं की लाल सैनिकांनी स्वतःच गाव पेटवलं. आणि महिनाभराच्या आत संपादक आपल्या माणसाला लिहितो की आम्ही ते उगाळलं नाही.

बातमी मारणं म्हणजे ती न छापणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. टेबलावर काम केलेल्याला माहीत असतं की बातमी छापूनही मारता येते. एक दिवस छापायची, दुसऱ्या दिवशी पाठपुरावा नाही, तिसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचा खुलासा तेवढ्याच जागेत, आणि अग्रलेखात तिचा उल्लेख एखाद्या 'तथापि'नंतर. पुढे संशोधकाला अंकात बातमी सापडते आणि तो म्हणतो, छापली होती की! म्हणून एका दिवसाचा अंक वाचू नका, सलग पंधरा दिवसांचे वाचा. (स्टीअर पुढे दुसऱ्या महायुद्धात आपल्याच बाजूला, हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर कामाला होता, १९४४ मध्ये जीपच्या अपघातात गेला.)

आता डॉसनने असं का केलं? इथे मी तुमच्या मार्गदर्शकांपेक्षा जरा वेगळा विचार करतो. कुणीतरी वरून आदेश दिला असेल, हा अंदाज सोपा आहे. मला तीन वेगळी कारणं दिसतात आणि त्यातलं पहिलं सर्वांत कमी चर्चिलं जातं.

एप्रिल १९१७ मध्ये 'टाइम्स' आणि 'डेली मेल' यांनी एक भयंकर बातमी छापली होती: जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. ती खोटी होती. डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याला पार्लमेंटमध्ये तिच्यात तथ्य नसल्याचं मान्य करावं लागलं. १९३३ मध्ये छळछावण्यांच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा टेबलावर बसलेली माणसं हीच होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. जर्मन अत्याचार हा शब्द दिसला की अनुभवी उपसंपादकाचा हात आपोआप आखडायचा. मी त्यांचं समर्थन करत नाही, पण ती भीती मला कळते.

दुसरं कारण व्हर्सायचं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या तहाचं. तहानंतर दोन-तीन वर्षांतच ब्रिटनमधल्या शिकल्यासवरल्या लोकांत असं मत रुजलं की जर्मनीवर अन्याय झालाय. उजवे, उदारमतवादी, मजूर पक्षवाले, सगळ्यांत हे होतं. त्यामुळे ७ मार्च १९३६ ला हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे तहाने सैन्य ठेवायला मनाई केलेल्या जर्मन पट्ट्यात, सैन्य घातलं तेव्हा 'टाइम्स'च्या अग्रलेखाचा मथळा 'पुन्हा उभारणीची संधी' अशा अर्थाचा होता, आणि त्याचा फार कुणाला धक्का बसला नाही. जर्मन सैन्य जर्मन भूमीवर गेलं, त्यात काय, असं क्लबात आणि पबमध्येही बोललं जात होतं. साडेसात लाखांच्या आसपास ब्रिटिश सैनिक पहिल्या युद्धात मेले होते, हे विसरून तो अग्रलेख वाचता येत नाही.

तिसरं अगदी कारकुनी आहे. 'टाइम्स'चा परराष्ट्र संपादक हॅरल्ड विल्यम्स १९२८ मध्ये वारला आणि ती जागा भरलीच नाही. डॉसन स्वतःच ते बघायचा, आणि त्याचा जीव युरोपपेक्षा साम्राज्यात जास्त रमायचा. बर्लिनच्या तारेची बाजू घेऊन संपादकाशी भांडायला मधे कुणी उरलं नव्हतं. ज्या कचेरीत मधला माणूस नसतो तिथे काय होतं ते मी पाहिलंय.

माझंच सांगतो. एप्रिल १९९४ मध्ये रवांडाच्या तारा येऊ लागल्या. पहिले आठ-दहा दिवस मी त्या सातव्या पानावर एका कॉलमात लावत होतो, मथळा 'टोळ्यांमधील संघर्ष'. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेत मंडेलांची निवडणूक होती आणि आफ्रिकेच्या वाट्याला येणारी जागा तिकडे जात होती. मला कुणाचाही फोन आला नव्हता. रात्री नऊ वाजता टेबलावर पंचवीस तारा आणि जागा चार बातम्यांची, एवढंच. 'टोळ्या' हा शब्द मला सुचला, कारण आफ्रिकेबद्दल तोच शब्द नेहमी हाताशी असायचा. उद्या कुणी त्या फायली काढून विचारलं की या पेपरवर कुणाचा दबाव होता, तर काय उत्तर देणार? म्हणून जिथे सवयीने काम भागतं तिथे मी कट शोधत नाही.

आता 'ब्रिटिश वृत्तपत्रं' या तुमच्या शब्दाकडे. 'टाइम्स' वाचून ब्रिटन कळतो, हे सत्ताधारी वर्गापुरतं खरं होतं. सामान्य माणूस 'टाइम्स' वाचतच नव्हता. मजूर पक्षाच्या बाजूचा 'डेली हेरल्ड' १९३३ मध्ये वीस लाख खपाचा टप्पा गाठणारा पहिला पेपर ठरला, लवकरच 'डेली एक्सप्रेस' त्याच्या पुढे गेला. ही स्पर्धा बातम्यांवर कमी आणि भेटवस्तूंवर जास्त चालली होती; वर्गणीदाराला डिकन्सच्या कादंबऱ्यांचे संच स्वस्तात देत. अशा पेपरात पोलंडजवळच्या दानझिग बंदराचा वाद किती कॉलम खाणार? 'एक्सप्रेस'च्या मालकाला, लॉर्ड बीव्हरब्रुकला, युरोपच्या भानगडीत पडायचंच नव्हतं. 'ब्रिटन यंदा युरोपीय युद्धात सापडणार नाही, पुढच्या वर्षीही नाही' या अर्थाचं आश्वासन त्याचा पेपर १९३८ पासून देत होता, आणि १९३९च्या ऑगस्टपर्यंत तोच सूर होता. युद्धाच्या भीतीने दुकानदार जाहिराती आखडते घेतात, हे पेपरवाल्यांना सांगावं लागत नाही.

उलट्या टोकाला 'मँचेस्टर गार्डियन'. खप 'टाइम्स'पेक्षाही कितीतरी कमी, पण बर्लिनला त्यांचा फ्रेडरिक फॉइग्ट होता. डिसेंबर १९२६ मध्ये त्या पेपरने बॉम्ब टाकला: जर्मन लष्कर व्हर्सायचा तह मोडून सोव्हिएत रशियाच्या मदतीने गुपचूप शस्त्रं बनवतंय, युंकर्स कंपनीने रशियात विमानांचा कारखाना काढलाय. दोन आठवड्यांत समाजवादी पुढारी शायडमान याने जर्मन संसदेत हाच विषय काढला आणि सरकार गडगडलं. म्हणजे ज्या वर्षी जर्मनीला राष्ट्रसंघात घेतल्याचा आनंद साजरा होत होता, त्याच वर्षी एका प्रांतिक ब्रिटिश पेपरने पुनःशस्त्रीकरणाची बातमी पुराव्यानिशी दिली होती. १९३३ मध्ये नाझी आल्यावर या पेपरवर जर्मनीत बंदी आली. संपादक क्रोझिअरने फॉइग्टला पॅरिसला हलवून तिथून जर्मनीच्या आतल्या बातम्या काढणं चालू ठेवलं. पत्ता नव्हता म्हणता ना? हे अंक उघडा.

'डेली मेल'बद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. लॉर्ड रॉदरमिअरचा जानेवारी १९३४ चा काळ्या डगलेवाल्यांचा, म्हणजे मोस्लीच्या ब्रिटिश फॅसिस्टांचा, जयजयकार करणारा लेख तुम्हाला ठाऊक असेलच. जूनमध्ये ऑलिम्पिया सभागृहात मोस्लीच्या सभेत मारहाण झाली आणि जुलैमध्ये रॉदरमिअरने मोस्लीचा पाठिंबा काढून घेतला. पण हाच 'मेल' १९२३ मध्ये फ्रान्सने जर्मनीच्या रूर खोऱ्यात सैन्य घातलं तेव्हा फ्रान्सची पाठ थोपटत होता, जर्मनीची नव्हे. हाच मालक १९२७ मध्ये हंगेरीच्या बाजूने मोहीम चालवत होता आणि हिटलरचं कौतुक करताना ब्रिटनने लढाऊ विमानं वाढवावीत म्हणून गळाही काढत होता. यात एकच गोष्ट कायम दिसते, बोल्शेविकांची धास्ती. ऑक्टोबर १९२४ मध्ये मतदानाला चार दिवस उरले असताना सोव्हिएत नेता झिनोव्हिएव याने ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावल्याचं, पुढे बनावट मानलं गेलेलं पत्र छापणारा पेपर हाच. त्यामुळे हिटलरधार्जिणा हा शब्द त्याला १९३४ मध्ये लागू पडतो, पण त्याने काही उलगडत नाही.

डाव्यांनाही सोडू नका, नाहीतर परीक्षक पकडतील. मार्च १९३३ मध्ये माल्कम मगरिज याने युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधल्या दुष्काळावर तीन लेख लिहिले. 'मँचेस्टर गार्डियन'ने ते छापले, पण काटछाट करून. पाठोपाठ गॅरेथ जोन्स या वेल्श तरुणाने बर्लिनमध्ये जाहीरपणे सांगितलं की मी खेड्यांतून पायी फिरलोय, लोक भुकेने मरतायत. दोघांवरही विश्वास ठेवायला प्रगतिशील वाचकवर्ग तयार नव्हता. १९३७ मध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल स्पेनच्या यादवी युद्धातून, बार्सिलोनाहून परतला आणि कम्युनिस्टांनी तिथे स्वतःच्याच मित्रपक्षांचं काय केलं हे लिहू लागला, तेव्हा 'न्यू स्टेट्समन'च्या किंग्जली मार्टिनने तो लेख परत केला. फ्रँकोला फायदा होईल म्हणून! डॉसनला जर्मनांच्या भावना जपायच्या होत्या, मार्टिनला आपल्या बाजूच्या. आणि याच 'न्यू स्टेट्समन'ने ऑगस्ट १९३८च्या अखेरीला, म्हणजे 'टाइम्स'च्याही आधी, चेकोस्लोव्हाकियाच्या सीमा बदलण्याचा विचार व्हावा असं सुचवलं होतं.

आता सेन्सॉरशिप. नोव्हेंबर १९३७ मध्ये मंत्रिमंडळातला लॉर्ड हॅलिफॅक्स, जो पुढे परराष्ट्रमंत्री झाला, हिटलरला भेटून आला. बर्लिनला गोबेल्सने त्याच्यापाशी ब्रिटिश पेपरांबद्दल, आणि विशेषतः 'इव्हनिंग स्टँडर्ड'मधल्या डेव्हिड लो याच्या व्यंगचित्रांबद्दल, तक्रार केली. लंडनला आल्यावर हॅलिफॅक्सने 'न्यूज क्रॉनिकल' आणि 'हेरल्ड'च्या मालक-चालकांना बोलावून सौम्य शब्दांत समजावलं. लो यालाही निरोप गेला. त्याने काही दिवस हिटलर आणि मुसोलिनी यांची वेगवेगळी चित्रं काढणं थांबवलं आणि दोघांचं मिळून एकच पात्र बनवलं. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला गेल्यावर पुन्हा मूळ पदावर आला. यात ना हुकूम, ना वटहुकूम. चहाच्या टेबलावर एका सभ्य माणसाने दुसऱ्या सभ्य माणसाला केलेली विनंती. १९३६ मध्ये राजा आठवा एडवर्ड आणि मिसेस सिम्पसन यांच्याबद्दल अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होतं, तेव्हा ब्रिटिश पेपर डिसेंबर उजाडेपर्यंत असेच गप्प बसले होते. तिथेही कायदा नव्हता.

कागदावर काही शोधायचंच असेल तर सिनेमाच्या वार्तापटाचं प्रकरण घ्या. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पॅरामाउंटच्या वार्तापटात 'टाइम्स'चा माजी संपादक विकम स्टीड आणि 'न्यूज क्रॉनिकल'चा कमिंग्ज यांनी पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेनच्या धोरणावर टीका केली होती. सरकारने अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडीमार्फत शब्द टाकला आणि तो भाग काढला गेला. पुढे पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, म्हणून त्याची नोंद आहे. शिवाय १९३१ पासून पंतप्रधानांच्या निवासस्थानी जॉर्ज स्टुअर्ड हा खास पत्रकारांसाठी नेमलेला अधिकारी होता. परराष्ट्र खात्यातल्या वृत्तविभागाचे लोक नाझींबद्दल कडक बोलायचे. चेंबरलेनच्या काळात माहितीची सूत्रं तिथून निघून पंतप्रधानांच्या दारी गेली. कुणाला आत बोलावायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे ज्याच्या हातात असतं त्याला सेन्सॉर लागत नाही, हे आपल्याकडच्या राजकीय बातमीदारांना सांगायला नको.

याच संदर्भात ७ सप्टेंबर १९३८ चा अग्रलेख वाचा. तुमच्या दीडशेत तो असणारच. सीमेलगतच्या सुडेटन जर्मनांचा पट्टा वेगळा काढून चेकोस्लोव्हाकियाने अधिक एकजिनसी राष्ट्र होण्याचा विचार करावा, असं त्यात सुचवलंय. मूळ मसुदा लिओ केनेडीचा, आदल्या दिवशी सुट्टीवरून परतलेल्या डॉसनने त्यावर हात फिरवला. परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी जाहीर केलं की हे सरकारचं मत नाही. पण प्रागमध्ये आणि बर्लिनमध्ये त्यावर कोण विश्वास ठेवणार? 'टाइम्स' म्हणजे सरकारचा आवाज, असं युरोपात सगळे धरून चालत. तीन आठवड्यांनी म्युनिकच्या करारात तो पट्टा हिटलरला मिळाला, म्हणजे नेमकं तेच झालं, त्यामुळे सरकारने आधी पेपरातून सुचवून घेतलं असं आपल्याला वाटतं. मला मात्र वाटतं की डॉसन आणि हॅलिफॅक्स इतके एका मुशीतले होते, की सुचवण्याची गरजच पडत नसावी.

आणि हेच डॉसन साहेब १९३५ मध्ये सरकारविरुद्ध उभे राहिले होते! अबिसिनियाचे (आजच्या इथिओपियाचे) लचके मुसोलिनीला देण्याचा ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांचा होर-लाव्हाल करार पॅरिसच्या पेपरांनी ९ डिसेंबरला फोडला. १६ तारखेला 'टाइम्स'ने 'उंटांसाठी पट्टी' या अर्थाच्या मथळ्याचा अग्रलेख लिहून त्याची खिल्ली उडवली आणि दोन दिवसांत परराष्ट्रमंत्री होरने राजीनामा दिला. म्हणजे मनात आलं तर त्या पेपरात मंत्री घालवण्याची ताकद होती. जर्मनीच्या बाबतीत ते मनात आलं नाही, हा तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात फक्त 'टाइम्स'चं डिजिटल दालन असेल, तर 'ब्रिटिश वृत्तपत्रं' हे शब्द शीर्षकातून काढा आणि एका पेपरातला बातमी-अग्रलेखाचा विसंवाद हा विषय घ्या. तो पुरेसा भक्कम आहे. 'मँचेस्टर गार्डियन' किंवा 'एक्सप्रेस'ही मिळत असेल तर काळ लहान करा. सात वर्षांऐवजी दोन पंधरवडे: २७ एप्रिल १९३७ पासूनचा एक आणि ७ सप्टेंबर १९३८ पासूनचा दुसरा. रोजच्या अंकात बातमी कुठल्या पानावर, किती कॉलम, डेटलाइन (म्हणजे बातमी पाठवल्याचं गाव) कुठली, अग्रलेख आहे का, वाचकांची पत्रं कुणाची, असा साधा तक्ता करा. वाचकांची पत्रं विसरू नका. संपादकाला जे स्वतः म्हणायचं नसतं ते तिथे कुणाकडून तरी म्हणवून घेता येतं. शोध घेताना १९२०च्या दशकासाठी 'नाझी' हा शब्द टाकून भागणार नाही, 'बव्हेरियन फॅसिस्ट', 'हिटलरवादी' अशा अर्थाचे त्या वेळचे शब्द टाका. आणि छापील पानाचं संगणकाने केलेलं वाचन फार चुकतं, त्यामुळे शोधात 'आढळले नाही' आलं तरी पान डोळ्यांनी चाळा.

कुणी सुचवेल की त्याच दिवसांचे मराठी पेपरही ताडून पाहा. मोह होईल, पण आत्ता नको. 'केसरी' काय किंवा 'नवाकाळ' काय, युरोपच्या बातम्या आपल्याकडे बहुतांशी रॉयटरच्या तारांवरून येत, आणि त्या तारांची लंडनमधली निवड हा आणखी एक टेबल आहे. तो पीएचडीचा विषय.

तुमच्या दीडशे अग्रलेखांची तारीखवार यादी असेल तर इथे टाका. त्यातल्या कुठल्या दिवशी आतल्या पानावर बर्लिनहून वेगळंच काही आलंय, हे माझ्या टिपणांत बघून सांगतो. १९३४ ते १९३७ पर्यंतचं माझ्याकडे बऱ्यापैकी आहे, त्यापुढचं विस्कळीत आहे.